अकरा केळी

“पळ, गुण्या, पळ! पाय हाईत का पापड?”

माझे वडील, आबा, मागून सायकलवर. पुढे मी आणि हैबत्या, कालव्याच्या भरावावरून, अनवाणी. नुकतं दिसायला लागलेलं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उसाचं रान आणि मध्ये आमची दोघांची धाप. आबांचा डावा गुडघा फौजेतून परत येतानाच वाकायचा बंद झाला होता. त्यामुळे ते एकट्या उजव्या पायानं पायडल मारत आणि डावा पाय होडीच्या वल्ह्यासारखा बाजूला काढून ठेवत. समोरून बैलगाडी आली की गाडीवान बैलांआधी स्वतः बुजायचा.

“आबा, पोटात कळ आली,” हैबत्या म्हणाला.

“येऊ दे. कळंला म्हणावं, मैल संपला की बोलू.”

पुलापासून मोरीपर्यंत एक मैल. तो आबांनी स्वतः पावलं टाकून मोजलेला. लंगडत मोजल्यामुळे तो खरा किती भरला असेल, हे देवाला आणि आमच्या पोटऱ्यांनाच ठाऊक. रोज सकाळी दोनदा जायचं, दोनदा यायचं. मग पुलाच्या कठड्याला लोंबकळून शरीर वर ओढायचं. मग चर ओलांडून उड्या. संध्याकाळी परत तेच. माघापासून हे चाललेलं, आणि आता वैशाख लागला होता. मी इतका दमलो होतो की जेवताना घास तोंडाशी नेईपर्यंत झोप लागायची, आणि झोपेत पाय चालायचे. आई सांगायची, एका पहाटे मी अंथरुणासकट उंबऱ्यापर्यंत पोचलो होतो. ही थाप माझी नाही, आईची. आणि आई थापा मारत नसे, म्हणून ती खरी धरायची.

आमच्या वाडीत पोरगा अठराचा झाला की भरतीला जायचा. जायचंय का, असं कुणी विचारत नसे. शाळेच्या भिंतीत दगडी पाटी होती, तिच्यावर लढाईत गेलेल्यांची नावं. तळाचं नाव माझ्या थोरल्या भावाचं, विलासचं. एकाहत्तर साली तो गेला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. त्याची काळी पेटी घरी आली, ती आबांनी माळ्यावर ठेवली आणि वर्षभर काही बोलले नाहीत. मग एक दिवस मला म्हणाले, “आता तू.” एवढंच.

मलाही जायचं होतं, हे सांगून ठेवतो. कुणी ढकलत होतं म्हणून मी पळत नव्हतो. मला ती वर्दी पाहिजे होती, ते बूट पाहिजे होते, आणि सुट्टीवर आलं की एस्टीच्या थांब्यावर सगळी वाडी गोळा होते ना, ते पाहिजे होतं. दोनदा मी जाऊनही आलो होतो. दोन्ही वेळा वजनात नापास. पन्नास किलो पाहिजे, मी भरायचो सत्तेचाळीस. येत्या श्रावणात मला एकवीस पुरी होणार होती. त्यानंतर ते दार बंद. म्हणजे वैशाखातली ही भरती शेवटची.

हैबत्याचं उलटं होतं. वजन त्र्याऐंशी, छाती हौदासारखी, पण पळताना वाटायचं की कुणीतरी धान्याची कणगी जागेवरून सरकवतंय. त्याच्या घरातून तीन भाऊ जाऊन तिघेही परत आलेले, कुणी डोळ्यात, कुणी दातात, कुणी सपाट तळव्यात. वाडी त्या घराला ‘परत घर’ म्हणायची. हैबत्याला ते फार लागायचं.

त्याला पळवायची युक्ती माझी. मी त्याच्या दोन पावलं पुढं राहून गोष्ट सांगत पळायचो. ऐकू यायला पाहिजे तर जवळ राहायला पाहिजे.

“तर आमच्या आज्याचं खेचर,” मी सांगायचो, “तोफा वाहायचं. आज्या साधा शिपाई. खेचरानं बर्फात एवढं काम केलं, एवढं काम केलं, की सायबानं त्याला नाईक केला.”

“कुणाला? आज्याला?”

“खेचराला! आता आली का पंचाईत. खेचर नाईक आणि आज्या शिपाई. रोज सकाळी चंदी द्यायच्या आधी आज्याला त्याला सलाम ठोकावा लागायचा.”

“आणि मग?”

“मग काय, पळ की. मोरीवर सांगतो.”

मोरीपर्यंत हैबत्या जीव खाऊन यायचा. तिथं मी सांगायचो की खेचराला पेन्शन मिळाली आणि आज्याला नाही. तो हसत हसत धापा टाकायचा, आबा मागून ओरडायचे, “हसताय काय भाड्यांनो! हसण्यात वारा जातोय!”

वजनासाठी आबांनी खुराक लावला होता. सकाळी दोन अंडी, तांब्याभर दूध, रात्री भाकरीवर लोण्याचा गोळा. दर रविवारी सोसायटीच्या काट्यावर नेऊन उभं करायचे, ज्यावर ज्वारीची पोती चढत. काटा सत्तेचाळीसवर यायचा, थरथरायचा आणि तिथंच बसायचा. मी जेवढं खायचो तेवढं कालव्याच्या भरावावर सांडून यायचो.

“हे असं भरणार न्हाय,” आबा एका रविवारी म्हणाले. “केळ्यांवरच भागवाय लागंल.”

केळ्यांचा उपाय वाडीत जुना. हाडकुळ्या पोरानं वजनाच्या अर्धा तास आधी डझनभर केळी खायची आणि वर पोट फुटेस्तोवर पाणी प्यायचं. तीन किलो कुठं गेले नाहीत. आधी खाल्ली तर जिरतात, नंतर खाऊन उपयोग नाही. वेळ साधायला पाहिजे. मागच्या दोन्ही खेपेला मी घरातूनच खाऊन निघालो होतो आणि एस्टीच्या हिसक्यांनी सगळं वाटेतच गेलं होतं.

त्या संध्याकाळी आबा माझ्या पोटऱ्यांना कोमट तेल चोळत बसले. त्यांचे हात राकट, पण चोळायचे हळू. “आधी वजन, मग छाती,” ते बोटांवर मोजत समजावत होते. “ते झालं की दुसऱ्या दिवशी पळणं. म्हंजे पहिल्या दिवशी केळी, दुसऱ्या दिवशी रिकामं पोट. ध्यानात ठेव. पळण्यात तुला कोण हात लावत न्हाय. वजन भरलं की तू झालास.”

“आणि पळणं आधी आलं तर?” चुलीपाशी बसलेल्या आईनं विचारलं.

आबा हसले. “तीस वर्षं मी बघतोय. आधी वजन.”

आई भाकरी थापत राहिली. तिनं भरतीबद्दल तोंड उघडलेलं मला तेवढंच आठवतं. विलास गेल्यापासून ती फार बोलतच नसे. वाडी सोडून तर ती चार वर्षांत कुठं गेली नव्हती, माहेरच्या लग्नालाही नाही. म्हणून जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, “मी बी येते,” तेव्हा आबांनी चहाचा कप खाली ठेवला.

“भरतीला बायामाणसांचं काय काम?”

“भरतीला कुठं? माझी बहीण हाय तिथं. तिला बघून दोन वर्षं झाली.”

“चार झाली.”

“मग चार. आणि केळी येळंवर द्यायला कुणीतरी पायजेच की. ह्याच्या हातात दिली तर हा गोष्टी सांगत सगळ्या लायनीला वाटंल.”

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आबांना गुडघ्यामुळे एस्टीत बसवत नसे. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही तिघं, आई, हैबत्या आणि मी, जिल्ह्याच्या गावी उतरलो. आईनं थांब्यावरच्या गाड्यावरून डझनभर केळी घेतली, चांगली पिवळी, ठिपके पडलेली. मैदान तिथून हाकेच्या अंतरावर. बाहेर हजारभर पोरं, सगळी चड्डीवर, आणि सगळ्यांचे बाप. आई तेवढी एकटी बाई. ती मैदानाच्या कडेला एका कडुलिंबाखाली केळी मांडीवर घेऊन बसली.

आता पुढचं सगळ्या वाडीला पाठ आहे. गेली पंचेचाळीस वर्षं मी ते सांगतोय. भरतीला निघालेली पोरं आदल्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर येतात, “नाना, केळ्याची गोष्ट सांगा” म्हणतात, आणि मी सांगतो. पहिल्या वर्षी केळी अठरा होती. मग तीन डझन झाली. मागच्या साली मी अख्खा घड खाल्ला, सालीसकट.

खरी अकरा होती. वर तीन तांबे पाणी. खाऊन मी रांगेत जाऊन उभा राहिलो, पोट नगाऱ्यासारखं, आणि एक उंच सुभेदार समोर येऊन ओरडला, “पहले दौड़! वज़न बाद में! शंभर शंभरच्या तुकड्या करा!”

त्या वर्षी पोरं फार आली होती. आधी पळवून गाळायची आणि उरलेल्यांचंच वजन करायचं, असं ठरलं होतं. तीस वर्षांचा आबांचा अनुभव त्या आरोळीसरशी फुकट गेला.

मैदानाच्या चार फेऱ्या, साडेपाच मिनिटं. पहिल्या फेरीत माझ्या पोटातून असा आवाज यायला लागला की पुढच्या पोरानं मागं वळून रस्ता दिला, त्याला वाटलं जीप येतीय. हैबत्या माझ्या बाजूला होता.

“गुण्या, गोष्ट सांग की!”

“खेचर... बुडालं...” मी म्हणालो.

“कुठं?”

“माझ्या पोटात. जा तू पुढं!”

तो रेंगाळला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच तो माझ्यापुढं होता आणि त्याला ते बरं वाटत नव्हतं. मी त्याला शिवी हासडली, त्याच्या आज्यापासून सुरू केली आणि परत घरावर आणून संपवली. मग मात्र गेला. असा गेला की कणग्यांनाही पाय फुटतात यावर माझा विश्वास बसला. पाच मिनिटं अठ्ठावीस सेकंद. दोन सेकंदांनी हैबत्या फौजेत गेला.

माझं तिसऱ्या फेरीत वळणावर सगळं बाहेर आलं. तिथं उभा असलेला जवान बूट मागं घेत म्हणाला, “अबे, केले का बाग़ीचा लगाएगा क्या?” शंभर पोरं हसली. मी चौथी फेरी चालत पुरी केली, कारण आबांनी सांगितलं होतं की मैल अर्धा सोडायचा नाही. तोवर दुसरी तुकडी सुटली होती.

इथं माझ्या ओट्यावरची पोरं हसून लोळतात. मग मी त्यांना बजावतो, आधी चौकशी करा, मग केळी खा. ती जातात, काही पास होतात, काही होत नाहीत.

संध्याकाळी आम्ही वाडीत उतरलो तेव्हा आबा थांब्यावर बसले होते. इस्त्रीचं धोतर, डोक्याला फेटा. सकाळपासून बसले असावेत. हैबत्या उतरताच त्यांच्या पाया पडला. त्याच्या पाठीवर थाप मारून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“पळणं आधी होतं,” मी म्हणालो. “केळी खाऊन बसलो होतो.”

“इचारलं न्हाईस?”

“न्हाय.”

“चार महिने,” आबा म्हणाले. “चार महिने पळवला मी तुला.” आणि ते उठले. मी हात द्यायला गेलो तर त्यांनी तो घेतला नाही. सगळ्या रस्त्यानं ते आमच्यापुढं एकटेच चालत गेले, त्या ताठ पायानं, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की तेही दमलेत. आषाढापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मग मला कालव्यावर पाटकरी म्हणून चिकटवलं आणि त्याच भरावावरून मी पुढची पस्तीस वर्षं चालत गेलो, पाणी सोडत आणि बंद करत.

आबा जाऊन आता पंचवीस वर्षं झाली. आई ब्याण्णवची होऊन गेली. आणि मागच्या महिन्यात हैबत्या गेला, सुभेदार हैबतराव होऊन, चार नातवंडं बघून. त्याच्या तेराव्याला पोरं माझ्याकडं आली. म्हणाली, नाना, केळ्याची गोष्ट सांगा, सुभेदारांना आवडायची. मी तोंड उघडलं आणि मला ती सांगवेना. कंटाळा आला. इतकी वर्षं एकच थाप पाठीवर वाहिली की माणूस खेचराइतका दमतो.

थाप केळ्यांच्या आकड्याची नाही. ती तर कुणालाही कळते. थाप त्या “न्हाय”ची आहे, जी मी आबांना मारली.

मी विचारलं नव्हतं हे खरं. पण मला सांगितलं गेलं होतं. मैदानाच्या मागं नळ होता, तिथं मी पाणी प्यायला गेलो होतो. केळी तेव्हा अजून आईच्या मांडीवरच होती. हैबत्या पळत माझ्याकडं आला, डोळे एवढाले.

“गुण्या, पळणं आधी हाय! फळ्यावर लिवलंय. तासाभरात सोडत्यात.”

मी जागेवर उडीच मारली. आधी पळणं! म्हणजे रिकाम्या पोटी पळायचं, सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि मग निवांत वजनाला केळी खायची. याहून सोपं काही नव्हतं. मी झालो होतो, जवळजवळ.

“काकीला बी सांगून आलोय मी,” हैबत्या म्हणाला. “म्हणलं, केळी एवढ्यात देऊ नका, आधी पळणं हाय. त्या म्हणल्या, बरं.”

मी लिंबाखाली आलो. आईनं पहिलं केळं सोलून हातात धरलं होतं.

“ये, बस,” ती म्हणाली. “खा.”

मी बसलो. मला वाटलं तिला नीट कळलं नसेल. मी सांगायला तोंड उघडलं आणि तिच्याकडं बघितलं. ती मैदानाकडं बघत होती. तिथं कुणीतरी चुन्याच्या पट्ट्या मारत होतं, पळायच्या रेघा. तिला सगळं दिसत होतं. तिच्या हातात ते केळं होतं आणि हात जरासुद्धा हलत नव्हता.

“वजन कमी भरंल,” ती म्हणाली. “खा.”

त्या रेघा सरळ होत्या, पांढऱ्या, आणि मी त्यांच्यावरून डोळे मिटून पाच मिनिटांच्या आत पळालो असतो. हजार पोरांत माझ्याइतकं कोण पळत नव्हतं. हे मी फुगवून सांगत नाही.

मी पहिलं खाल्लं.

तिनं दुसरं सोललं. मग तिसरं. साली ती एकीवर एक नीट रचत होती, आपण बाजारात बसलोय अशा थाटात. सातव्यानंतर मला घास उतरेना, तेव्हा तिनं तांब्या पुढं केला. मी प्यालो. आठ. नऊ. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि तो ती पुसत नव्हती. दहाव्याला मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तिनंही माझ्या. तिनं नजर काढून घेतली नाही.

अकरावं संपल्यावर ती बारावं सोलायला लागली.

“बास, आये,” मी म्हणालो. “एवढ्यात भागंल.”

तिचा हात थांबला. अर्धं सोललेलं केळं तिनं तसंच परत मिटवलं आणि मांडीवर ठेवलं. मग पदराचं टोक घेतलं, लहानपणी पुसायची तसं माझं तोंड पुसलं, दोन्ही कोपरे, हनुवटी, आणि पुसून झाल्यावरही थोडा वेळ पदर तिथंच धरून ठेवला.

मैदानावर शिट्टी झाली. पोरं उठून रांगेकडं पळत सुटली, बाप ओरडायला लागले, जोरात, जोरात. मी पोट सावरत उभा राहिलो.

“गुणा,” आई म्हणाली. “जपून पळ.”